रार, आणि एक मुका ‘ड’

अर्जाचा बारावा रकाना भरल्याशिवाय तेरावा उघडत नव्हता, आणि बाराव्या रकान्याला तोर्गेइरच्या मृत्यूची तारीख हवी होती.

व्हिबेकेनं खिडकीतून खाली पाहिलं. तिचा नवरा तोर्गेइर धक्क्याच्या फळ्यांवर पालथा पडून दोरीला बांधलेला थर्मामीटर समुद्रात सोडत होता. तब्येतीनं ठणठणीत दिसत होता. तिनं रकान्यात ‘अद्याप नाही’ असं लिहिलं. संगणकानं ते लाल करून परत दिलं. तिनं ‘माहीत नाही’ लिहिलं. तेही लाल झालं. व्हिबेकेनं चौतीस वर्षं डेन्मार्कमधल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत लोण्यातलं पाणी मोजलं होतं. जी गोष्ट अजून घडलेलीच नाही तिचा आकडा लिहिणं तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

तिला हवी होती फक्त एक वीतभर लांबीची पितळी पाटी. नॉर्वेतल्या क्रोकहोल्मेन गावच्या धक्क्यावर एक हिरवा बाक आहे. तोर्गेइर रोज सकाळी पाण्याचं तापमान मोजतो, वहीत लिहितो, मग त्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतो. कुणी विचारलेलं नसतं. नऊ जूनला तो सत्तर वर्षांचा होणार होता. त्या दिवशी बाकावर आपल्या नावाची पाटी त्याला अचानक दिसावी, एवढाच तिचा बेत होता. हातात सात आठवडे होते.

पाटीवरचा मजकूर तिनं रचलेला नव्हता. तो गावानंच दिला होता. मार्चमध्ये ती दुकानात ब्राउन चीजच्या कपाटापाशी वाकली होती, तेव्हा पलीकडून दोन बायकांचं बोलणं कानावर आलं.

“आज मला काय म्हणाला माहीत आहे? तीन पूर्णांक आठ! मी म्हटलं, बरं.”

“तोर्गेइर ना? रार माणूस आहे गं तो.”

“फारच रार.”

व्हिबेके चीज हातात धरून तिथंच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. तिच्या डॅनिश भाषेत ‘रार’ म्हणजे प्रेमळ, सज्जन, ज्याच्या शेजारी बसलं की बरं वाटतं असा. तोर्गेइर मूळचा इथलाच, पण ऐन तरुणपणी तिच्याशी लग्न करून डेन्मार्कला गेला तो चाळीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर परत आला. दोन वर्षं झाली तरी गाव त्याच्याशी जरा अंतर राखूनच होतं, आणि व्हिबेकेला ते सलत होतं. आणि आज, चीजच्या कपाटाआड, गावाचा निकाल लागला होता. रार! तोही एकमतानं. त्या आनंदात तिनं दोन किलो चीज घेतलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. डॅनिश आणि नॉर्वेजियन माणसं भेटली की आपापल्या भाषेत बोलतात, आणि समोरच्याचं आपल्याला सगळं समजतं असं दोघंही धरून चालतात. बहुतेक शब्द सारखेच असतात, त्यामुळे उरलेल्या थोड्यांची चौकशी करणं दोघांनाही कमीपणाचं वाटतं. परक्या भाषेत माणूस जपून पाय टाकतो. शेजारच्या भाषेत तो धावत सुटतो.

तर मजकूर ठरला तो असा: ‘तोर्गेइर विक्से. एन रार मान्ड.’ म्हणजे, एक सज्जन माणूस.

नगरपालिकेत ‘बाक, धक्के आणि स्मृती’ हा विभाग बियार्ते नावाच्या गृहस्थाकडे होता. तो शांत होता, सभ्य होता, आणि संगणकाच्या बाजूचा होता. क्रोकहोल्मेनमध्ये नगराध्यक्षापासून कोळ्यापर्यंत सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, त्यामुळे तिथली अडवणूकसुद्धा घरगुती वाटते.

“पाटी स्मृतीसाठी असते,” बियार्ते म्हणाला. “आणि स्मृती माणूस गेल्यावर सुरू होते.”

“माझ्या नवऱ्याची आठवण मला तो असतानाही येते.”

“कौतुक आहे तुझं. पण तसा रकाना नाही आमच्याकडे.”

“मग जिवंत माणसासाठी काय देते नगरपालिका?”

“बाक,” बियार्ते म्हणाला. “बसायला.”

व्हिबेके उठली नाही. तिला वाट पाहायची सवय होती. लोण्याचा नमुना वाळायला चार तास लागतात. अकराव्या मिनिटाला बियार्तेनंच मार्ग काढला.

“अंदाजे तारीख टाक ना एखादी. नंतर दुरुस्त करता येते.”

“अंदाजे? पुढची?”

“पुढची चालते. मागची टाकलीस तर दाखला जोडावा लागतो. पाटी कधी हवी आहे तुला?”

“नऊ जूनला.”

त्यानं नऊ जून टाकली. बारावा रकाना हिरवा झाला, तेरावा उघडला, आणि तोर्गेइर विक्से आपल्या सत्तराव्या वाढदिवशी मरण पावणार हे कागदोपत्री नक्की झालं. व्हिबेकेला ते मुळीच पटलं नाही. पण अर्ज पुढे सरकला होता, आणि नियमाप्रमाणे त्याची प्रत हरकतींसाठी चौकातल्या फलकावर लागली.

दुसऱ्याच दिवशी शेजारची सोलफ्रिड दारात उभी. हातात मासे आणि मॅकरोनीचा, नुकताच ओव्हनमधून काढलेला ट्रे. क्रोकहोल्मेनमध्ये हा ट्रे दोनच प्रसंगी दुसऱ्याच्या घरी जातो, आणि बाळंतपणाचं व्हिबेकेचं वय उलटून गेलं होतं. सोलफ्रिडनं फलकावर तोर्गेइरचं नाव वाचलं होतं, पुढचा ‘मृत्यू’ हा शब्द वाचला होता, आणि नजर तारखेपर्यंत पोचायच्या आत तिचे डोळे भरून आले होते.

“कशी आहेस गं?” तिनं हळूच विचारलं.

“मी? मजेत! काल तर तोर्गेइरपायी संध्याकाळभर नुसती ग्रीने करत होते. शेवटी पोट दुखायला लागलं.”

डॅनिशमध्ये ‘ग्रीने’ म्हणजे हसणं. नॉर्वेजियनमध्ये ‘ग्रीने’ म्हणजे रडणं. हेही त्या थोड्या शब्दांपैकीच.

सोलफ्रिडनं ट्रे पायपुसण्यावर ठेवला आणि तिला घट्ट मिठी मारली. “ग्रीने कर, बाई, मनसोक्त कर. आतल्या आत दाबून ठेवू नकोस.”

“कशाला दाबू? शेवटी शेवटी तर त्यालाही आवरेना.”

“म्हणजे शुद्धीत होता?”

“चांगला शुद्धीत होता! एक ग्लास बिअर, बस्स.”

सोलफ्रिड यावर काही बोलणार, तोच तळघराचा दरवाजा उघडला आणि तोर्गेइर थर्मामीटर पुसत वर आला.

“सहा पूर्णांक एक,” तो सोलफ्रिडला म्हणाला.

सोलफ्रिड ओरडली नाही. ती बूट काढायच्या स्टुलावर सावकाश टेकली, हात लांब करून तिनं त्याचं मनगट चाचपलं आणि म्हणाली, “गरम आहे.”

“असणारच. आत्ताच ओव्हनमधून काढलेला दिसतोय,” तोर्गेइर म्हणाला आणि ट्रे उचलून स्वयंपाकघरात गेला.

व्हिबेकेनं सोलफ्रिडला दंडाला धरून घरामागं, सरपणाच्या रचलेल्या ढिगाआड नेलं, आणि कुणालाही न सांगण्याची शपथ घालून पाटीचा बेत सांगितला. मजकूरही सांगितला.

सोलफ्रिडचे ओले डोळे गोल झाले. “एन रार मान्ड? त्याच्याच बाकावर? वाढदिवसाला? अगं, भांडलात का तुम्ही?”

“भांडण कसलं? सगळं गावच म्हणतं ना त्याला.”

“गाव म्हणतं ते पाठीमागं म्हणतं! पितळेवर नाही कोरत कुणी!”

आणि अशा रीतीनं, बर्चच्या ओंडक्यांच्या साक्षीनं, व्हिबेकेला कळलं की नॉर्वेजियनमध्ये ‘रार’ म्हणजे विचित्र. जरासा सटकलेला. पहिल्यांदा तिला आठवलं ते चीज. दोन किलो. अर्धं अजून फ्रिजमध्ये होतं.

“मग रद्द कर,” सोलफ्रिड म्हणाली. “केक कर त्यापेक्षा.”

व्हिबेकेनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “नाही. तुमचं गाव त्याला विचित्र म्हणतं. तो सज्जन आहे, आणि सज्जन माणसाला माझ्या भाषेत जो शब्द आहे तोच धक्क्यावर लागेल. तुम्ही रोज वाचा.”

आतापर्यंत ती पाटी भेट होती. आता ती उत्तर झाली.

सोलफ्रिडनं शपथ पाळली, म्हणजे तिनं फक्त विश्वासातल्या माणसांना सांगितलं. गुरुवारपर्यंत तोर्गेइर आणि गावाचं वरचं टोक सोडून सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी सोलफ्रिडच्या स्वयंपाकघरात वॅफल खाता खाता सल्लामसलत झाली.

“‘स्निल’ लिही ना,” सोलफ्रिड म्हणाली. “आमच्याकडे स्निल म्हणजे प्रेमळ. प्रश्नच मिटला.”

“आमच्याकडे तसाच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ चलाख,” व्हिबेके म्हणाली. “उन्हाळ्यात निम्मा धक्का डॅनिश लोकांनी भरलेला असतो. ते वाचतील, ‘तोर्गेइर विक्से, एक चलाख माणूस’, आणि पाकिटं चाचपत बसतील.”

पिवळ्या घरातली गुनेल मूळची स्वीडनची. तिनं टेबलावर हात आपटला. “एक अक्षर बदलू नकोस! आमच्याकडे आजीला रार म्हणतात, नातवाला म्हणतात, मांजरालासुद्धा म्हणतात. ह्या नॉर्वेजियनांनीच वाटोळं केलं त्या शब्दाचं.”

“आम्ही केलं?” सोलफ्रिड वॅफलचं भांडं आपल्याकडे ओढत म्हणाली.

तेवढ्यात सिट्से बोलला. हा डच माणूस चार वर्षांपूर्वी होडी दुरुस्त करण्यासाठी आठवडाभर थांबला होता आणि अजून ती दुरुस्त करतो आहे. “आमच्याकडे दूध नासायला लागलं की म्हणतात, रार लागतंय.” सगळ्या त्याच्याकडे पाहू लागल्या, तेव्हा तो घाईघाईनं म्हणाला, “पण थोडंसंच रार असेल तर आम्ही पितो.”

व्हिबेकेनं मग ग्रंथालयात जाऊन शब्दकोशच काढले. मूळ शब्द लॅटिन, रारुस, म्हणजे विरळ. तो व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून उत्तरेला आला. जर्मनांनी होता तसा ठेवला. त्यांच्याकडे तो आजही दुर्मिळ वस्तूला लावतात. डॅनिश आणि स्वीडिश लोकांना वाटलं, जे क्वचित मिळतं ते मोलाचं, तेव्हा हे नाव प्रेमळ माणसाला शोभेल. नॉर्वेजियन आणि डच लोकांना वाटलं, जे क्वचित दिसतं त्यात काहीतरी गडबड असणार. इंग्रजांचा अर्धकच्च्या मांसासाठीचा ‘रेअर’ हा शब्दही तिनं तपासला, पण तो निराळ्याच कुळातला, कमी उकडलेल्या अंड्याच्या घराण्यातला निघाला, म्हणून तो तिनं वहीत रेघ मारून खोडला. एका नमुन्याचे पाच प्रयोगशाळांतून असे अहवाल आले असते तर डेअरीनं लोणी फेकून दिलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात बियार्तेनं फोन करून तिला बोलावून घेतलं. दोन हरकती आल्या होत्या. मजकूर दिवंगत व्यक्तीचा अपमान करणारा आहे, असं दोन्हींचं म्हणणं होतं.

“तो दिवंगत नाही आणि मजकुरात अपमान नाही,” व्हिबेके त्याच्या टेबलासमोर बसून म्हणाली.

“मान्य. पण हरकत आली की नियम लागतो. असा मजकूर असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी.”

“मग त्याला कळणार! सगळ्याची मजाच गेली.”

“व्यक्ती हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकाची संमती पुरते.” बियार्तेनं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आवाज खाली आणला. “आणि इथं नऊ जून आहेच. रागावू नकोस, व्हिबेके, पण तुला तो मेलेलाच सोयीचा आहे.”

व्हिबेके रागावली. मग तिनं ‘जवळचा नातेवाईक’ या शब्दांखाली सही केली. निदान ते तरी खरं होतं.

त्यानंतर समिती बसली. सात सभासद, एक थर्मास, दोन तास. पहिला तास डॅनिश ही परकी भाषा आहे का यावर गेला. परकी असेल तर खाली भाषांतर हवं, आणि भाषांतरासकट पाटी बाकाच्या फळीवर मावत नव्हती. परकी नसेल तर मजकूर नॉर्वेजियन धरावा लागेल. तसं झालं तर देशातल्या दोन अधिकृत लेखनपद्धतींपैकी कुठली, हा प्रश्न एका सभासदानं काढला, आणि बाकीच्या सहांनी एकदमच मान खाली घातली, कारण त्या प्रश्नावरून गावात लग्नं मोडली होती.

व्हिबेके उठून उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नसे.

“शेवटचं अक्षर पाहा,” ती म्हणाली. “‘मान्ड’. डॅनिशमध्ये शेवटी ‘ड’ लिहितात. बोलताना तो मुका असतो, पण लिहिताना असतोच. नॉर्वेजियनमध्ये तो नाही. तुम्ही नुसतं ‘मान’ लिहिता. तेव्हा तो ‘ड’ आहे तोवर हे वाक्य डॅनिश आहे. आणि डॅनिशमध्ये माझा नवरा सज्जन आहे.”

“आणि ‘ड’ नसला तर?” अध्यक्षांनी विचारलं.

“तर तो तुमचा आहे.”

चार विरुद्ध तीन मतांनी पाटी मंजूर झाली. इतिवृत्ताच्या शेवटी बियार्तेनं कोरणाऱ्यासाठी ठळक अक्षरांत सूचना घातली: ‘ड या अक्षराकडे विशेष लक्ष द्यावे.’

नऊ जूनला ऊन पडलं. धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. कॉफीचे थर्मास होते, बदामाचा केक होता, आणि मासे-मॅकरोनीचे तीन ट्रे होते, कारण तोर्गेइर जिवंत असल्याची बातमी गावाच्या वरच्या टोकापर्यंत अजून पोचलेली नव्हती. बाकाच्या पाठीवर सोलफ्रिडचा चौकड्यांचा टेबलक्लॉथ टाकला होता. वाढदिवस म्हणून नगरपालिकेनं झेंडाही लावला होता. तो मात्र अर्ध्यावर होता.

तोर्गेइर चांगला सदरा घालून आला आणि त्यानं वर पाहिलं. “कोण गेलं?”

बियार्तेचे कान लाल झाले. “कुणी नाही. म्हणजे, संगणकाप्रमाणे... तू.”

“कधी?”

“आज.”

तोर्गेइरनं खिशातली वही काढली. “मग आधी सांगून टाकतो. बारा पूर्णांक नऊ.”

लोक हसले. सोलफ्रिडनं टेबलक्लॉथ ओढला. पितळ उन्हात चमकलं.

‘तोर्गेइर विक्से. एन रार मान.’

व्हिबेकेनं ते एकदा वाचलं. मग शेवटचं अक्षर पुन्हा वाचलं, मग त्याच्यापुढची कोरी जागा वाचली. शेजारी आइविंड उभा होता. पन्नास वर्षं पाट्या कोरणारा, नीटनेटका म्हातारा. तो तिच्या कानाशी वाकला.

“तुझ्या अर्जात शेवटी एक जादा ‘ड’ पडला होता. मी काढला. असल्या चुका मी गुपचूप निस्तरतो. लोकांना उगाच ओशाळं वाटायला नको.”

“आणि सूचना? इतिवृत्तातली?”

“वाचली ना! ‘ड’कडे विशेष लक्ष द्यावे. म्हणून तर सापडला.”

गर्दी पुढं सरकून वाचत होती आणि माना डोलावत होती. “पहिल्यांदाच नगरपालिकेनं काहीतरी खरं लिहिलं,” मागून कुणीतरी म्हणालं. बोलणाऱ्याचा सूर मायेचा होता. त्यामुळे तर ते जास्तच लागलं. सात आठवडे, एक समिती, एका जिवंत नवऱ्याचं मरण एवढं सगळं खर्ची घालून व्हिबेकेनं गावाचं पाठीमागचं बोलणं पितळेवर पक्कं करून दिलं होतं.

“तोर्गेइर,” ती म्हणाली. “यात एक ‘ड’ होता. मंजूर झालेला. मला म्हणायचं होतं—”

तोर्गेइरनं हात वर केला. तो चष्मा लावून पाटी दुसऱ्यांदा वाचत होता.

“बोटीवरचं आठवतं?” त्यानं विचारलं.

तिला आठवत होतं. त्रेचाळीस वर्षांपूर्वी डेन्मार्कला जाणाऱ्या बोटीवर तिला उलट्या होत होत्या. एका अनोळखी इंजिनियरनं अंगातला स्वेटर काढून तिला घातला, आणि धीर द्यायचा म्हणून तिला समुद्राचं तापमान आणि दोन लाटांमधलं अंतर सांगत बसला. ती त्याला म्हणाली होती, “तू रार आहेस.”

“मला वाटलं, हिनं ओळखलं,” तोर्गेइर म्हणाला. “इथं सगळे मला तेच म्हणायचे, पण तोंड फिरवून. तू तोंडावर म्हणालीस आणि वर माझ्या खांद्याला डोकं टेकलंस. म्हटलं, आपण विचित्र आहोत हे कळूनही जवळ बसून राहणारी बाई विरळा. आठवड्यात मागणी घातली.”

“अरे, पण मी तसं म्हणतच नव्हते!”

“कळलं ना नंतर. लग्नाला चार महिने झाले तेव्हा तुझी आई पाद्रीबुवांना रार म्हणाली. पाद्रीबुवा तर अगदीच चारचौघांसारखा माणूस. म्हणून मी शब्दकोश पाहिला.”

“आणि मला बोलला नाहीस? इतकी वर्षं?”

“वाईट वाटलं होतं जरा,” तोर्गेइर म्हणाला. “नुसता सज्जन? सज्जन काय, पुष्कळ असतात.”

तो बाकावर बसला, अंगठ्यानं पाटीवरून एकदा हात फिरवला, ‘मान’च्या पुढच्या कोऱ्या जागेपर्यंत, आणि त्याचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं, सगळा चेहरा सुरकुतला, आणि तो ग्रीने करू लागला. सोलफ्रिडनं धावत जाऊन रुमाल पुढं केला आणि त्याची पाठ थोपटली. पलीकडं नांगरलेल्या बोटीवरचे डॅनिश पाहुणे त्याच्याकडे पाहून खदाखदा हसायला लागले. दोन्ही बाजूंना सगळं समजलं होतं.

व्हिबेके त्याच्या शेजारी बसली. तो कुठल्या भाषेत ग्रीने करत होता, हा रकाना तिनं कोरा सोडला.